राखेची पातळी आणि गॅमा किरण
भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक वीजकेंद्रात धुरातली राख नरसाळ्याच्या आकाराच्या पोलादी हॉपरमध्ये साठते, आणि ती गरम, पिठासारखी बारीक व भिंतींना चिकटणारी असल्याने आत बसवलेला मापक लवकर दगा देतो. अशा ठिकाणी गॅमा किरण बाहेरूनच काम करतात: एका बाजूस शिशाच्या आवरणात सीझियम-१३७ हा किरणोत्सारी स्रोत, समोर किरण मोजणारा शोधक, आणि राख त्या रेषेपर्यंत चढली की किरण तिच्यात शोषले जाऊन मोजणी एकदम घसरते. सीझियमची तीव्रता सुमारे ३० वर्षांनी निम्मी होते. या किरणांमुळे राख स्वतः किरणोत्सारी होत नाही, हे कामगारांना आवर्जून सांगायलाच हवे. मात्र दुरुस्तीसाठी कोणी हॉपरमध्ये उतरण्यापूर्वी स्रोताची झडप बंद करून तिला कुलूप घालणे अत्यावश्यक असते.