जमिनीखालचा कूलर

डिसेंबरच्या पहाटे विदर्भातल्या नागभीडकडच्या एखाद्या विहिरीतून बादली ओढा, पाण्यावर वाफ दिसेल. मे महिन्यात त्याच पाण्यात हात घातला की बरं वाटतं. पाणी मात्र दोन्ही वेळा साधारण तेच असतं, २७-२८ अंशांचं. तीन-चार मीटर खाली ऊन-थंडीचा हेलकावा फारसा पोचत नाही. तिथली माती गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला धरून बसते.

परदेशातली ‘जिओथर्मल’ घरं एवढ्याच गोष्टीवर चालतात. गरम पाण्याचे झरे त्यांना लागत नाहीत. बोअरमध्ये नळ्यांचं वेटोळं सोडायचं, त्यात पाणी फिरवायचं आणि घरात हीट पंप बसवायचा. हा पंप म्हणजे फ्रिजचाच भाऊ. थंडीत तो मातीतली उष्णता घरात आणतो, उन्हाळ्यात घरातली मातीत टाकतो. एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिट उष्णता हलते. हीट पंपाची कल्पना जुनी आहे, लॉर्ड केल्विनने ती १८५२ मध्ये मांडली. स्वीडनमध्ये आज लाखो घरं अशी ऊब घेतात. वर्षातले सात-आठ महिने घर तापवावं लागतं, म्हणून तिथे बोअरचा खर्च वसूल होतो.

नागभीडला ऊब हवी असते ती जेमतेम दोन महिने, आणि ते काम रजई नि शेकोटी करतात. इथे प्रश्न उलटा. उन्हाळ्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव रोज तापमानाच्या बातमीत असतं. म्हणजे जमिनीकडे मागायचा तो गारवा. त्यासाठी स्वस्त प्रकारही आहे: तीन मीटर खोल चर खणून लांब नळी पुरायची आणि पंख्याने तिच्यातून हवा ओढून खोलीत सोडायची. दिल्लीजवळ गुवाल पहाडी इथे ‘टेरी’ संस्थेच्या ‘रिट्रीट’ इमारतीत चार मीटर खाली ७० मीटर लांबीचे असे बोगदे आहेत.

पण विदर्भात या नळीची गाठ पडते कूलरशी, आणि तो तगडा गडी आहे. बाहेर ४५ अंश आणि हवेत १५ टक्के ओलावा असेल, तर चांगल्या ताट्यांचा कूलर २८-२९ अंशांची हवा देतो. मातीच २७-२८ अंशांची असल्यामुळे नळीतून येणारी हवा ३०-३१ च्या खाली सहसा उतरणार नाही. म्हणजे कूलरपेक्षा कितीतरी पट खर्च करून दोन अंश जास्तच! नळीच्या बाजूने बोलायचं तर पाण्याचं बोलावं लागतं. मोठा कूलर मे महिन्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो, तेही बोड्या (लहान तळी) आटलेल्या आणि हातपंप धापा टाकणाऱ्या दिवसांत. टाकीत डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच. नळीला थेंबभर पाणी नको.

पावसाळ्यात कूलर निरुपयोगी, हे खरं. पण नळीही तेव्हा फार कामाची नाही. दमट हवा थंड मातीतून गेली की आत पाणी साचू शकतं, बुरशीचा वास येऊ शकतो. नळीला उतार आणि निचऱ्याचा खड्डा ठेवला नाही, तर तो वास घरभर होतो.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचा हिशेब वेगळा. एसीला ४५ अंशांच्या हवेत उष्णता ढकलावी लागते; तीच बोअरमधल्या वेटोळ्यातून २८ अंशांच्या जमिनीत ढकलली तर वीज निश्चितच कमी लागते. नागभीडच्या आसपासचा जुना कठीण खडक बोअरवाल्याचे बिट खातो, पण कोरड्या मातीपेक्षा उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतो. अडचण पुढे आहे. स्वीडनची जमीन थंडीत उष्णता देते आणि उन्हाळ्यात परत घेते. नागभीडच्या जमिनीच्या खात्यात नुसती भरच पडणार, काढायला थंडी पुरत नाही. तीन-चार महिने एसी चालवला, की वेटोळ्याभोवतीचा खडक वर्षागणिक तापत जातो आणि फायदा झिजतो. भूजल वाहतं असेल तर ते उष्णता घेऊन जातं. नाहीतर वेटोळं लांबवावं लागतं, म्हणजे पुन्हा खर्च.

कुणी म्हणेल, गोदावरीच्या खोऱ्यात तर जमिनीतून गरम पाणी निघतं. निघतं, तेलंगणात मणुगुरूजवळ सिंगरेणी कोळसा कंपनीने अशा पाण्यावर २० किलोवॅटचा वीजप्रकल्प प्रायोगिक म्हणून उभारला. पण ती वेगळी विद्या आहे. घर गार करायला तिचा उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर एका घरासाठी हा खेळ परवडत नाही. जाड मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर सोडून आपण स्लॅबखाली राहायला गेलो. आधी त्या स्लॅबवर चुना मारा, सावली करा. थोड्या पैशांत पुष्कळ काम होईल. नळ्या पुरायच्याच तर वसतिगृहाला किंवा ग्रामीण रुग्णालयाला पुराव्यात. तिथे पंखे-कूलर दिवसरात्र चालतात, पाण्याची मारामार असते आणि डासांचं भय जास्त. तेही नव्या इमारतीचा पाया खणताना, जेसीबी आवारात उभाच असतो तेव्हा. बांधून झालेलं अंगण फोडायला लागलं, की निम्मा पैसा खणाईतच जातो.