कारागृहातील ख्रिस्ती सेवा : काही नोंदी

धर्माधार : मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात बंदिवानाची भेट ही साक्षात प्रभूचीच भेट मानलेली असल्यामुळे कारागृहसेवा हे ख्रिस्ती धर्माचरणाचे अंगभूत कर्तव्य ठरते.

आरंभ : ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ या कॅथलिक संस्थेचा उगम १९८१ साली केरळात झाला, ऑशविट्झच्या छळछावणीत ऑगस्ट १९४१ मध्ये एका कुटुंबवत्सल सहबंद्याऐवजी स्वेच्छेने मृत्यू पत्करणारे पोलिश धर्मगुरू संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे तिचे आश्रयदाते संत होत.

गोवा : पोर्तुगीज अमदानीत स्वातंत्र्यसैनिकांनी ज्याच्या कोठड्यांत शिक्षा भोगल्या, त्या आग्वाद किल्ल्यातील तुरुंगाची जागा २०१५ साली बार्देशातील कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहाने घेतली, तेथील बंदिवानांपर्यंतही ही सेवा पोहोचते.

कार्यपद्धती : तुरुंगाधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन व फाटकावर झडती देऊन आत जाणारे सेवक प्रार्थना आणि बायबलवाचन तर घेतातच, परंतु घरच्यांनी टाकून दिलेल्या माणसाचे पत्र त्याच्या आईपर्यंत पोहोचविणे, कच्च्या कैद्याला वकील मिळवून देणे आणि सुटकेनंतर निवारा व रोजगार शोधून देणे, ही कामेही ते उपासनेइतक्याच निष्ठेने करतात, कारण पश्चात्तापाने पालटलेले अंतःकरण टिकावयाचे तर त्याला माणसांचा विश्वास लाभणे अत्यावश्यक असते.