जलीय द्रावणातून मिश्रधातूचे विद्युत् विलेपन : पितळेचा लेप

प्रस्तावना

विजेच्या साहाय्याने एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढविण्याच्या क्रियेस विद्युत् विलेपन म्हणतात. तांबे, निकेल किंवा चांदी यांपैकी एकाच धातूचा लेप देणे तुलनेने सोपे असते. मिश्रधातूच्या लेपात मात्र दोन धातू एकाच वेळी व ठरावीक प्रमाणात जमा व्हावे लागतात. ही अडचण व तिचा उपाय पितळेच्या उदाहरणावरून चांगला समजतो. पितळेचा लेप लोखंडी वस्तूंना शोभेसाठी देतात. तसेच पितळेतील तांब्याचा रबरातील गंधकाशी संयोग होत असल्याने टायरमधील पोलादी तारेला रबर घट्ट धरून ठेवण्यासाठीही तो लागतो.

दोन धातूंतील अंतर

तांब्याचे प्रमाण विभव +०.३४ व्होल्ट, तर जस्ताचे –०.७६ व्होल्ट आहे. म्हणजे दोघांत १.१० व्होल्टचे अंतर आहे. मोरचूद व झिंक सल्फेट पाण्यात एकत्र विरघळवून वीज सोडल्यास ऋणाग्रावर प्रथम केवळ तांबेच जमा होते. दाब वाढवीत नेल्यास पुढे जस्तही येऊ लागते, परंतु तोपर्यंत तांब्याचा थर भुसभुशीत होऊन लेप निकामी ठरतो.

मग तांब्याचे प्रमाण कमी केले तर? नेर्न्स्ट यांच्या १८८९ सालच्या समीकरणानुसार द्विसंयुजी तांब्याच्या आयनांची संहती दहापट घटविली, तर विभव सुमारे ०.०३ व्होल्टनेच उतरते. १.१० व्होल्टचे अंतर भरून काढण्यासाठी ती एकावर ३७ शून्ये इतक्या पटीने घटवावी लागेल. तसे केल्यास लिटरभर द्रावणात तांब्याचा एकही आयन उरणार नाही.

सायनाइडचे कार्य

म्हणून तांबे द्रावणात भरपूर असावे, पण मोकळ्या आयनांच्या रूपात जवळजवळ नसावे, अशी योजना करावी लागते. सोडियम सायनाइड हे काम करते. सायनाइड तांब्याला अतिशय घट्ट बांधून जटिल आयन बनविते व तांब्याचे विभव एक व्होल्टहून अधिक खाली येते. जस्तही बांधले जाते, पण त्याची पकड तुलनेने सैल असल्याने त्याचे विभव कमी उतरते. अशा रीतीने दोन्ही धातूंची विभवे जवळ येतात व पितळ जमा होते.

लेपातील प्रमाण मात्र आपोआप स्थिर राहत नाही. तापमान वाढल्यास तांब्याचा वाटा वाढतो. मोकळे सायनाइड वाढल्यास तो घटतो व जस्ताचा वाटा वाढतो. त्यामुळे द्रावणाची नियमित तपासणी आवश्यक असते. धनाग्र पितळेचेच ठेवल्यास खर्च होणारे दोन्ही धातू द्रावणास परत मिळत राहतात.

धोका व पर्याय

जो पदार्थ ही क्रिया शक्य करतो, तोच जहाल विष आहे. द्रावण अल्कधर्मी असेपर्यंत सायनाइड त्यात राहते. आम्ल मिसळल्यास मात्र प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू बाहेर पडतो. विलेपनापूर्वी वस्तूंचा गंज आम्लातच काढला जातो, हे येथे विसरून चालत नाही. म्हणून आम्लातून काढलेली वस्तू भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय पुढील टाकीत जाता कामा नये. दोन्ही टाक्यांचे सांडपाणीही एका गटारात सोडू नये. सायनाइडयुक्त पाण्यावर अल्कधर्मी स्थितीत सोडियम हायपोक्लोराइटची प्रक्रिया करून मगच ते सोडावे लागते.

पायरोफॉस्फेटसारखे पर्यायी पदार्थ उपलब्ध आहेत, पण तांब्यावरील त्यांची पकड सायनाइडइतकी घट्ट नसते. टायरच्या तारेसाठी वेगळाच मार्ग वापरात आहे. तारेवर आधी तांब्याचा व त्यावर जस्ताचा थर देतात आणि नंतर तार तापवितात. उष्णतेने दोन्ही थर एकमेकांत मुरून पितळ तयार होते.

निष्कर्ष

मिश्रधातूच्या विलेपनाचे यश दोन विभवे जवळ आणण्यावर अवलंबून असते. हे कार्य सायनाइड उत्तम करते, परंतु त्याचा धोका टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगाराला पत्करावा लागतो. टायरच्या तारेच्या उदाहरणावरून दिसते की, दोन्ही धातू एकाच टाकीतून एकदम जमा करण्याचा आग्रह सोडल्यास हा धोका टाळता येतो.