टेकडी ते गड : वाटा जोडायच्या कशा?

पुण्याला टेकड्यांचे वैभव लाभले आहे. पर्वती, तळजाई, पाचगावचे राखीव जंगल, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी अशा ठिकाणी पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. शहराच्या दक्षिणेला, जुन्या कात्रज बोगद्याच्या माथ्यावरून, सिंहगडाकडे जाणारी डोंगरधारेची वाटही गिर्यारोहकांच्या परिचयाची आहे. बारा-तेरा टेकड्यांची ही चढउताराची वाट अनेकजण पौर्णिमेच्या रात्री तुडवतात. एक वाट रोजच्या व्यायामाची, दुसरी दिवसभराच्या भटकंतीची. नकाशावर तळजाई आणि कात्रजचा घाट यांत फार अंतर दिसत नाही. मात्र या मधल्या टप्प्यात धनकवडीची दाट वस्ती, सातारा रस्ता आणि घाटाची वळणे आहेत, आणि चालणाऱ्याच्या जिवाला खरा धोका येथेच असतो.

डोंगरातील वाटेवर माणूस सावध असतो. रस्त्याशी येताच त्याला भरधाव वाहनांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे वाटा जोडण्याच्या नियोजनाची सुरुवात वाटेपासून नव्हे, तर ती जेथे रस्ता ओलांडते त्या जागेपासून करावी लागते.

बारा सेकंदांचे गणित

साधारण माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. चौदा मीटर रुंदीचा चौपदरी रस्ता ओलांडण्यास त्याला सुमारे १२ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्या वेळात २०० मीटर अंतर कापते. म्हणजेच वाट रस्त्याला मिळते तेथून दोन्ही बाजूंना किमान २०० मीटरपर्यंत रस्ता स्पष्ट दिसायला हवा. घाटातील वळणावर असे दृश्य अंतर मिळणे कठीण. अशा वेळी दोन उपाय उरतात. वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणला, तर आवश्यक अंतर निम्मे, म्हणजे १०० मीटर होते. रस्त्याच्या मध्यभागी थांबण्यासाठी सुरक्षित दुभाजक दिला, तर ओलांडण्याचा वेळ निम्म्यावर येतो. दोन्ही उपाय एकत्र केल्यास ५० मीटर अंतरही पुरते. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले यांच्यासाठी हे हिशेब अधिक सैल ठेवावे लागतात.

महामार्गावर मात्र हे उपाय पुरेसे नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली होती. अशा ठिकाणी पायी ओलांडण्याची जागा रस्त्याच्या पातळीवर असूच नये. तेथे भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल हवा आणि तोही वाटेच्या सरळ रेषेत. पुलासाठी अर्धा किलोमीटर वळसा घालावा लागला, तर लोक दुभाजकावरून उड्या मारतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

वस्तीतून जाणाऱ्या टप्प्यासाठी मुख्य रस्त्याऐवजी आतल्या, कमी रहदारीच्या गल्ल्या निवडता येतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. विजेचे खांब, टपऱ्या व उभ्या दुचाकी वगळून ही रुंदी मोजायची असते. जेथे ती मिळत नाही, तेथे बसने तो टप्पा पार करण्याची सोय करणे अधिक शहाणपणाचे. जोड ही पायवाटच असली पाहिजे असे नाही.

फलक आणि पर्यावरण

वाटांचे जाळे विणण्याचा एक सुबक नमुना बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांतात १९९५ मध्ये साकारला. खाण अभियंता ह्यूगो बोलेन यांच्या कल्पनेतून तेथे सायकलवाटांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक देण्यात आले. प्रवाशाने केवळ क्रमांकांची यादी खिशात ठेवायची. पुढे नेदरलँड्सनेही ही पद्धत स्वीकारली. आपल्याकडे असे क्रमांक असतील, तर वाट चुकलेल्या वा जखमी व्यक्तीला आपले ठिकाण दूरध्वनीवरून अचूक सांगता येईल आणि मदत लवकर पोहोचेल.

तथापि, जोडणी म्हणजे सिमेंटीकरण नव्हे. फरसबंदीमुळे पाणी जमिनीत मुरत नाही, ते वाहून जाते आणि उताराची धूप वाढते. वाट रुंद झाली की दुचाकी शिरतात. सिंहगड परिसरातील वनात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे दिव्यांचा झगमगाट रस्ता ओलांडण्याच्या जागेपुरताच असावा. जंगलातील अंधार जपलेलाच बरा.

शेवटचा प्रश्न जबाबदारीचा. टेकडी वनखात्याची, गल्ली महापालिकेची आणि महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, अशी विभागणी असते. प्रत्येक यंत्रणा आपल्या हद्दीपुरते काम चोख करते, पण दोन हद्दींच्या सांध्यावर पदपथ अचानक संपतो. म्हणून एकत्रित आराखडा करताना प्रथम या सांध्यांची यादी करून प्रत्येकासाठी एक उत्तरदायी यंत्रणा ठरवायला हवी. एवढे झाले तरी तळजाईवर रोज फिरणाऱ्या नागरिकाला एखाद्या रविवारी निर्धास्तपणे सिंहगडाची वाट धरता येईल.