टाक्याचे झाकण

आमच्या एका स्नेह्यांची नात, न्यू जर्सीत जन्मलेली आणि तेथेच वाढलेली, बहामा द्वीपसमूहातील एल्युथेरा नावाच्या बेटावर एका शाळेत सत्रभर राहण्यास गेली. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तिने घरी जे पत्र धाडले त्यात समुद्राचा निळा वर्ण, प्रवाळ आणि मासे यांची बोळवण चार ओळींत करून उरलेली दोन पाने तिने आंघोळ कशी करावी या एकाच विषयाला वाहिली होती. सोळा वर्षांच्या सुखवस्तू मुलीला हा विषय पत्रास योग्य वाटावा याचेच मला नवल वाटले, आणि पुढील सत्र फेब्रुवारीत सुरू होते असे कळताच, शाळेची अनुज्ञा काढून, त्या मुलांच्या आरंभीच्या दिवसांत मी तेथे मुक्कामास गेलो.

आयलंड स्कूल ही ती शाळा. अमेरिकी नौदलाच्या सील पथकातून बाहेर पडून शिक्षकी पत्करलेले क्रिस मॅक्सी आणि त्यांच्या पत्नी पॅम यांनी ती 1999 मध्ये केप एल्युथेराच्या टोकावर स्थापन केली. सत्र सुमारे 100 दिवसांचे आणि विद्यार्थी 50 च्या आसपास. बहुतेक अमेरिकेतील, थोडे बहामाचेच. शुल्क जबर आहे. शिष्यवृत्त्या आहेत, पण शुल्क जबर आहे. हे बेट उष्ण कटिबंधातले म्हणून सर्वत्र वर्णिले जात असले तरी कर्कवृत्त त्याच्या दक्षिणेकडून जाते, आणि फेब्रुवारीतल्या पहाटे काळोखात व्यायामाला उभी केलेली मुले ज्या रीतीने कुडकुडत होती ती पाहता भूगोलाचे हे सूक्ष्म अंतर त्यांच्या ध्यानी आल्यावाचून राहिले नसावे.

रॉक साउंडच्या लहानशा विमानतळावरून आम्हांला नेणाऱ्या गाडीत शिरताच तळणीचा वास आला. एल्युथेराच्या दक्षिण टोकाशी नांगर टाकणाऱ्या प्रवासी जहाजांच्या मुदपाकखान्यातील वापरलेले तेल आणून शाळा त्याचे इंधन करते, हे चालकाने सांगितल्यावर मुलांनी कौतुकाने माना डोलावल्या. मला मात्र एस.टी. स्थानकावरील भज्यांच्या कढईशेजारी बसल्यासारखे वाटत राहिले.

भ्रमणध्वनी दप्तरी जमा झाले, खाटा वाटल्या गेल्या, पोहण्याची परीक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वजाभोवती कडे करून मुलांनी बहामाचे राष्ट्रगीत, शब्द चाचपडत, म्हटले. ते गीत रचणारे टिमथी गिब्सन पेशाने शिक्षक आणि याच बेटावरील सव्हाना साउंड गावी जन्मलेले, ही गोष्ट त्या कड्यातील किती जणांस ठाऊक होती कोण जाणे.

परंतु माझे लक्ष पुनःपुन्हा ज्याच्याकडे जाई तो मनुष्य त्या कड्यात नव्हताच. डीप क्रीक या शेजारच्या गावचा, साठी उलटलेला, शाळेच्या डागडुजीस नेमलेला हा गृहस्थ रोज सकाळी टाक्याचे झाकण उचली, एक लांब काठी तळापर्यंत सोडी, वर काढून तिच्यावरील ओल बोटांनी मोजी आणि काही न बोलता झाकण पूर्ववत ठेवी. एल्युथेरावर नदी नाही. सारे बेट चुनखडीचे. पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होऊन तरंगत राहतो, जो हावरेपणाने उपसला की खालचे खारे पाणी वर चढते. म्हणून छपरावर पडेल ते पन्हळीने टाक्यात आणावयाचे, आणि टाक्यात असेल तेवढ्यावर भागवावयाचे.

"हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सहाशे गॅलन," तो मला म्हणाला. सहाशे गॅलन म्हणजे सुमारे सव्वादोन हजार लिटर. मी हिशेब पडताळून पाहिला. तो बरोबर, किंबहुना किंचित हातचा राखून सांगितलेला होता. त्याच दिवशी वर्गात एका तरुण शिक्षिकेने हे पाणी जपून वापरण्याची रीत फळ्यावर आकृती काढून अर्धा तास समजावून दिली: अंग भिजवा, नळ बंद करा, साबण लावा, नळ उघडा, पुन्हा बंद करा. मुले टिपणे घेत होती. रत्नागिरीच्या निम्माही पाऊस या बेटाच्या वाट्याला येत नाही. पण त्या मुबलक पावसाच्या कोकणातच वैशाखात हंड्याकळशीचा जमाखर्च तोंडपाठ असलेली दहा वर्षांची पोर घरोघर आढळते, आणि तिच्या या विद्येस आजवर कोणी अभ्यासक्रम म्हटलेले नाही. रायगडावरचा गंगासागर किंवा सिंहगडावरचे देवटाके ज्यांनी कातळात खोदले त्यांच्यापाशीही अशीच एखादी काठी असली पाहिजे.

हे मी काहीशा कुत्सितपणे त्या गृहस्थाला सुनावले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ही पोरं वाईट नाहीत, साहेब. पाणी भिंतीतून येतं असं त्यांना कुणीतरी सांगितलंय, एवढंच." मग काठी पुसत पुटपुटला, "सहाशे गॅलन. पण आधी पाऊस तर पडायला हवा."

चौथ्या दिवशी सायंकाळी उत्तरेकडून वारा फिरला आणि सर आली. मुले आरडाओरडा करीत, साबणाच्या वड्या घेऊन अंगणात धावली आणि आकाशाच्या त्या अमर्याद नळाखाली यथेच्छ न्हाऊ लागली. चार दिवसांत प्रथमच कोणी कोणास वेळ मोजून दाखवीत नव्हते. तो मात्र एका पन्हळीकडे पाहत उभा होता. तिच्या काठावरून पाणी टाक्यात न जाता भिंतीवर सांडत होते. त्याने शिडी लावली, वर चढला आणि पन्हळीत हात घातला. आपल्या किनाऱ्यांवर वनखात्याने लावलेले तेच सुरूचे झाड येथेही परदेशाहून येऊन माजले आहे, आणि त्याच्या सुया छपराछपरावर साचतात. मूठभर काळपट, चिकट गाळ काढून त्याने खाली उभ्या असलेल्या एका साबणाने माखलेल्या मुलापुढे धरला.

"धर," तो म्हणाला, "अजून आहे."

मुलाने हातातील साबणाकडे पाहिले, मग गाळाकडे, मग साबणाची वडी तोंडात धरून दोन्ही हात पुढे केले.