संगणकातून ‘विंडोज अपडेट’ सेवाच गायब झाली? परत आणण्याआधी ती कोणी काढली ते शोधा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत जून-जुलै हे दाखल्यांचे दिवस. दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला काढायला सेवा केंद्रांत रांगा लागतात. याच दिवसांत पाऊस सुरू होतो, वीज जाते-येते आणि इंटरनेट अनेकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. अशा वेळी संगणक ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असे सांगून अडून बसला की वैताग येतो. मग कोणीतरी ओळखीचा माणूस ‘अपडेटच काढून टाकतो’ म्हणतो, आणि काढतोही.

काही महिन्यांनी प्रिंटर चालत नाही, ब्राउझर कुरकुर करतो, म्हणून सेटिंग्ज उघडून अपडेट करायला जावे तर चूक दाखवली जाते. सेवांची यादी उघडली तर त्यात ‘विंडोज अपडेट’ हे नावच नसते.

बंद असणे वेगळे, नसणे वेगळे

विंडोजमध्ये ‘सेवा’ म्हणजे पडद्यामागे चालणारा छोटा कार्यक्रम. प्रिंटरची एक सेवा असते, आवाजाची एक, तशीच अपडेटची एक. यादीत तिचे नाव ‘विंडोज अपडेट’ असे दिसते. पण विंडोज तिला आतल्या नावाने ओळखते. ते नाव इंग्रजीत सलग असे लिहितात : डब्ल्यू-यू-ए-यू-एस-ई-आर-व्ही.

ही सेवा सतत चालू नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये ती गरज पडली की जागी होते, काम झाले की थांबते. त्यामुळे यादीत तिच्यापुढे ‘रनिंग’ दिसले नाही, तर तो बिघाड नव्हे. खरी स्थिती तीनपैकी एक असते :

- सेवा आहे, पण सध्या थांबलेली आहे. काहीही करायचे नाही.
- सेवा आहे, पण ‘डिसेबल्ड’ केलेली आहे. कोणीतरी कुलूप लावले आहे.
- सेवा नोंदलेलीच नाही. दारच काढून नेले आहे.

खात्री कशी करायची?

स्टार्ट मेनूत ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधा, त्यावर उजवे क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळ्या खिडकीत इंग्रजीत टाइप करा : एससी, मग एक जागा, क्वेरी, पुन्हा एक जागा, आणि सेवेचे वर दिलेले आतले नाव. एंटर दाबा. हे पॉवरशेलच्या निळ्या खिडकीत करू नका. तिथे ‘एससी’ या दोन अक्षरांचा अर्थ वेगळा आहे.

उत्तरात ‘स्टेट’ अशी ओळ आली आणि पुढे ‘स्टॉप्ड’ किंवा ‘रनिंग’ लिहिलेले असेल, तर सेवा जागेवर आहे. ‘फेल्ड १०६०’ असे आले, तर ती खरोखरच नोंदलेली नाही.

सेटिंग्जमध्ये दिसणारा चुकीचा क्रमांकही हेच सांगतो. शेवट ८००७०४२४ असा असेल तर सेवा अस्तित्वात नाही. ८००७०४२२ असेल तर ती डिसेबल्ड आहे. यात गूढ काही नाही. संगणकाच्या सोळाच्या मोजणीतले ४२४ म्हणजे आपल्या दहाच्या मोजणीतले १०६०, आणि ४२२ म्हणजे १०५८. एकच निरोप दोन रूपांत येतो, इतकेच.

क्रमांक १०५८ वाला असेल तर काम सोपे आहे. विंडोज बटण आणि आर एकत्र दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करा, विंडोज अपडेटवर दोनदा क्लिक करा आणि ‘स्टार्टअप टाइप’ मॅन्युअल करा. पुन्हा सुरू केल्यावर ती परत डिसेबल्ड झाली, तर अपडेट रोखणारे एखादे सॉफ्टवेअर संगणकात बसलेले आहे. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीत ते शोधून काढा.

सेवा आपोआप गायब होत नाही

वीज गेल्याने एखादी फाइल खराब होऊ शकते, हार्डडिस्क खराब होत असेल तर नोंदी बिघडू शकतात. पण बाकी सगळे ठीक चालू आहे आणि नेमकी अपडेटचीच सेवा नाही, असे असेल तर ती बहुधा काढलेली असते. काढणारे तीन :

१. माणूस. डेटा वाचवायचा म्हणून कोणी अपडेट रोखणारे टूल चालवले. काही टूल सेवा नुसती बंद करतात, काही तिची नोंदच पुसतात.

२. ‘लाइट’ विंडोज. जुन्या संगणकावर वेगाने चालावी म्हणून काटछाट केलेल्या विंडोजच्या प्रती इंटरनेटवर फिरतात. त्यांत अपडेट आणि सुरक्षेचे भाग अनेकदा आधीच काढलेले असतात. २२-२३ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा नुकसानीनंतर नवे यंत्र परवडत नाही, वापरलेले घेतले जाते. वापरलेला संगणक घेणे वाईट नाही. पण त्यात विंडोज कोणी आणि कुठून टाकली, हे विचारायलाच हवे.

३. व्हायरस. ही शक्यता सर्वांत गंभीर. अपडेट आले की आपले दार बंद होणार, हे व्हायरस लिहिणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो आधी अपडेटलाच हात घालतो. २००८ च्या अखेरीस पसरलेला ‘कॉन्फिकर’ हा वर्म विंडोज अपडेटची सेवा बंद करत असे. जून २०२१ मध्ये अवास्ट या कंपनीने ‘क्रॅकोनॉश’ नावाचा प्रकार उघडकीस आणला. जीटीए ५, द सिम्स ४ अशा खेळांच्या फुकट मिळणाऱ्या ‘क्रॅक’ प्रतींतून तो यायचा, विंडोज अपडेट बंद पाडायचा, डिफेंडर काढून टाकायचा आणि मालकाच्या विजेवर ‘मोनेरो’ हे आभासी चलन कमवायचा. अवास्टच्या मोजणीनुसार त्याची लागण २ लाख २२ हजारांहून अधिक संगणकांना झाली होती. त्यांत भारतातले १३ हजारांहून अधिक होते. धूर्तपणा असा, की डिफेंडर काढल्यावर त्या जागी तो हिरव्या टिकचे खोटे चिन्ह लावून ठेवायचा. पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटायचे.

म्हणूनच सेवा परत बसवण्याआधी ती कोणी काढली हे पाहायचे. चोर घरात असताना नवे कुलूप लावून उपयोग नसतो.

याच जिल्ह्यातला धडा

‘आपल्या छोट्या दुकानावर कोण हल्ला करणार?’ हा प्रश्न नेहमी येतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ जगभर पसरला तेव्हा त्याचा फटका रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यातल्या जेएनपीटी बंदराला बसला. तिथले मर्स्क समूहाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कने जगभरातले आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता, न्हावा-शेव्यावर नव्हे; पण जाळ्यातून पसरणारा व्हायरस पत्ता विचारत नाही.

नॉटपेट्या ज्या छिद्रांतून पसरला, त्यांतले एक मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच बुजवले होते. तीन महिन्यांहून अधिक काळ ते अपडेट उपलब्ध होते. मे महिन्यातला ‘वॉनाक्राय’ही याच छिद्रातून शिरला होता. अर्थात अपडेट हा एकमेव उपाय नव्हता. नॉटपेट्या चोरलेले पासवर्ड वापरूनही पुढे सरकत होता. पण उघडे दार तर अपडेटनेच बंद होते.

सेवा केंद्राच्या संगणकात तर लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक यांच्या प्रती असतात. तिथले नुकसान दुकानदाराचे एकट्याचे नसते.

दुरुस्तीचा क्रम

पहिले काम : फाइली वाचवा. कागदपत्रे, फोटो, टॅलीचा डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली घेऊ नका. व्हायरस असेल तर त्यांतूनच पुढे जातो.

दुसरे : तपासणी. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडते का पाहा. उघडत असेल तर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा कमी. उघडतच नसेल तर संशय बळावतो. अशा वेळी दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचे ‘सेफ्टी स्कॅनर’ उतरवून आणा. ते उतरवल्यापासून १० दिवसच चालते, म्हणून दर वेळी ताजे घ्या.

तिसरे : रिस्टोअर पॉइंट. सेवा अलीकडेच गेली असेल आणि ‘सिस्टिम रिस्टोअर’मध्ये त्याआधीची तारीख दिसत असेल, तर तिथे परत जाणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

चौथे : नोंद परत आणणे. इथे बहुतेक जण अडकतात. ‘एसएफसी स्कॅननाउ’ ही आज्ञा सगळीकडे सुचवली जाते. पण ती खराब फाइली दुरुस्त करते, पुसलेली सेवेची नोंद ती सहसा परत करत नाही. ‘डीआयएसएम’ला वेगळा स्रोत दाखवला नाही, तर ती दुरुस्तीचे सामान सहसा विंडोज अपडेटमधून घेते, सेवाच नसेल तर तिचेही हात बांधलेले. विंडोज ११ मधला ‘अपडेट वापरून दुरुस्ती’ हा पर्यायही त्याच सेवेवर अवलंबून आहे.

फाइली शाबूत असतील आणि फक्त नोंद गेली असेल, तर तीच विंडोज आणि तीच आवृत्ती असलेल्या खात्रीच्या संगणकावरून नोंद आणता येते. तिथे रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेएलएम, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस या क्रमाने जाऊन अपडेटच्या आतल्या नावाचा कप्पा ‘एक्स्पोर्ट’ करा. ती फाइल आपल्या संगणकात घेऊन दोनदा क्लिक करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. इंटरनेटवर कुठेही मिळणारी तयार रजिस्ट्री फाइल मात्र वापरू नका. तिच्यात आणखी काय लिहिले आहे, हे सामान्य माणसाला कळत नाही.

पाचवे : आहे त्यावरच विंडोज बसवणे. रजिस्ट्रीला हात लावायचा नसेल तर हाच खात्रीचा मार्ग. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपल्या आवृत्तीची आयएसओ फाइल उतरवा, ती उघडून आतले ‘सेटअप’ चालवा आणि ‘वैयक्तिक फाइली व ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडा. फाइल काही जीबींची असते, म्हणून रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर हा प्रयत्न करू नका; ब्रॉडबँड असेल तिथून पेनड्राइव्हवर आणा. लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप यूपीएसला जोडलेला ठेवा. पावसाळ्यात अर्ध्यावर वीज गेली तर दुखणे वाढते.

सहावे : कोरी विंडोज. तपासणीत व्हायरस सापडला असेल किंवा प्रत ‘लाइट’ असेल, तर ठिगळ लावू नका. डिस्क पुसून अधिकृत विंडोज नव्याने टाका, आणि त्यानंतर बँकेचे, ईमेलचे व पोर्टलचे पासवर्ड बदला.

विंडोज १० असेल तर

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना दिली आहे; तिच्यात नाव नोंदवले नसेल तर सेवा परत आली तरी दरमहाची सुरक्षा अपडेट येणार नाहीत. तेव्हा आधी संगणक विंडोज ११ ला चालतो का ते पाहा. त्यासाठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो.

डेटा वाचवायचा तर हे करा

मूळ दुखणे डेटाचे आणि वेळेचे आहे. त्यावर विंडोजमध्येच उपाय आहेत :

- हॉटस्पॉटच्या वाय-फायला सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ करा. बहुतेक अपडेट आपोआप उतरणे थांबते.
- ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये दुकानाची वेळ टाका. त्या वेळेत संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होणार नाही.
- घाईच्या दिवसांत ‘पॉज अपडेट्स’ वापरा. पाच आठवड्यांपर्यंत अपडेट पुढे ढकलता येते.
- शाळेच्या लॅबमध्ये किंवा कार्यालयात अनेक संगणक असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ चालू करून ‘स्थानिक नेटवर्क’ निवडा. एका संगणकाने उतरवलेले अपडेट शेजारच्यांना मिळते, डेटा वाचतो.
- मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. त्यानंतरच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी, चांगले नेट मिळेल तिथे नेऊन संगणक अपडेट करा.

सगळे झाल्यावर एससी क्वेरीची आज्ञा पुन्हा एकदा द्या. १०६० ऐवजी ‘स्टॉप्ड’ किंवा ‘रनिंग’ दिसले, आणि आठवडाभराने पाहिल्यावरही तेच दिसले, तर दुरुस्ती टिकली. आठवड्यात सेवा पुन्हा गेली तर काढणारा अजून संगणकातच आहे. मग तपासणीपासून पुन्हा सुरुवात करा.