राज्यघटनेचा हेतू : दोन वाचने

१९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यात पुसदनजीक जंगल सत्याग्रह करून ज्या इंग्रजी अंमलाला आव्हान दिले, त्याच अंमलातील १९२७ चा वन अधिनियम राज्यघटनेच्या ३७२ व्या अनुच्छेदान्वये जारी राहिला. यावरून, तसेच १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून उचललेल्या तरतुदींवरून, जुनी राज्ययंत्रणा शाबूत राखणे हाच घटनाकारांचा हेतू होता, असे काही अभ्यासक मानतात. उलट, ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांच्यासारख्या इतिहासकारांना मूलभूत हक्कांत आणि मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक क्रांतीचा संकल्प दिसतो. केळापूर, मारेगावकडील आदिवासी गावे ज्या पाचव्या अनुसूचीच्या कक्षेत येतात, तीही याच संकल्पाची साक्ष मानता येते. आमच्या मते हे दोन्ही हेतू एकाच दस्तऐवजात नांदतात. एकच शोधणारा वाचक घटना अर्धीच वाचतो.